समोर समुद्र आहे म्हणून ताटातला मासा ताजा असतोच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण वर्षातून दोन-तीनदा कोकणात जातात. चार मोठे, त्यांतल्या एक वहिनी शाकाहारी, आणि दोन लहान मुलं. रात्री किनाऱ्याला लागून असलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवण, दरवेळी सुरमई थाळी, पापलेट फ्राय आणि सोलकढी. बिल दणकून येतं, आणि परतताना गाडीत सगळ्यांचं एकमत होतं की पुण्यातल्या मालवणी हॉटेलात याहून बरा मासा मिळतो. मग चुकतं काय, आणि मागवायचं कसं?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या एकेका गावात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते आणि प्रत्येक टेबलाला हवी असते सुरमई, नाहीतर पापलेट. गावच्या बंदरावर त्या दिवशी तेवढी सुरमई उतरलेली नसते, कित्येकदा एकही नसते. आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं हॉटेलवाल्याला परवडत नाही. म्हणून तो मोठ्या बंदरावरून माल आणून फ्रीजरमध्ये भरून ठेवतो आणि गर्दीच्या रात्री तो बाहेर काढतो. इकडे पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात रोज माल उतरतो, चालत्या हॉटेलचा माणूस सकाळी तो उचलतो आणि रात्रीपर्यंत संपवतो. मासा पाण्याबाहेर येऊन किती तास झाले आणि त्यातले किती तास तो बर्फात होता, एवढ्यावरच सगळं ठरतं. समुद्र टेबलापासून किती पावलांवर आहे, हे माशाला कळत नाही.

तेव्हा किनाऱ्यावर मेनूकार्ड उघडण्याआधी ‘आज इथे काय उतरलंय?’ हे विचारायचं आणि जे उतरलंय तेच खायचं. पण हा प्रश्न मोघम विचारला तर ‘सगळं फ्रेश आहे साहेब’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यामुळे कुठे काय मिळतं हे थोडं माहीत असलेलं बरं.

रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांची मासेमारी पूर्वापार चालत आली आहे. डोल म्हणजे पिशवीसारखं, एका जागी बांधून ठेवलेलं जाळं. ते ओढत नाहीत, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा आत आणून टाकतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा हे सगळं डोलीचं. प्रवाहाला जोर असतो तो उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, आणि तेव्हा ओले बोंबील भरपूर येतात. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, डोलीला फारसं काही लागत नाही. याच भागात जिताडा मिळतो. पेण-अलिबागकडे जिताड्यापुढे पापलेटला कोणी विचारत नाही. जिताडा आहे असं कळलं तर बाकी मेनू मिटवून ठेवा. फक्त खाडीचा आहे की तळ्यात वाढवलेला, हे विचारा. दोन्ही मिळतात आणि भावात फरक पडायला हवा.

मधे दापोलीजवळ हर्णै बंदर आहे. सुवर्णदुर्गाच्या समोर वाळूवरच माल उतरतो आणि लिलाव होतो, सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा. बोली टोपल्यांवर लागते, चार पापलेटांसाठी बोली लावता येत नाही. पण लिलावातून उचललेला मासा शेजारी बसलेल्या कोळणी सुटा विकतात, आणि तुम्ही नेलेला मासा मजुरी घेऊन करून देणाऱ्या खानावळी आसपास मिळतात. मजुरी किलोवर आहे की डिशवर, आणि मसाला-तेल त्यातच धरलंय का, एवढं आधी ठरवून घ्या.

खाली मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याला रापण लागते: लांबलचक जाळं समुद्रात वेढा घालून टाकायचं आणि माणसांनी दोन्ही टोकं धरून किनाऱ्यावर ओढून घ्यायचं. बांगडा, तारली, पेडवे हे त्या बाजूचं रोजचं खाणं. मुडदुशी हा नाजूक मासा मिळाला तर सोडू नका. तिसऱ्या (छोटे शिंपले) आणि कालवंही तिकडे छान मिळतात. बोंबील मात्र मुख्यतः उत्तर कोकणाचा आणि गुजरातचा मासा. मालवणात ‘फ्रेश बोंबील’ असा बोर्ड दिसला तर समजायचं की तोही तुमच्यासारखाच प्रवास करून आलाय.

हंगामाचं गणित सोपं आहे. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावर मिळणारी सुरमई फ्रीजरमधली किंवा परप्रांतातली. मेनूवर बारा महिने असते ती कोळंबी, कारण शेततळ्यात वाढवलेली व्हेनामी कोळंबी बाजारात मुबलक असते. ती वाईट नसते, पण समुद्राच्या कोळंबीचा गोडवा तिला नाही. पावसाळ्यात गेलात तर सरळ सुक्या मासळीकडे वळा. सोड्यांची (सुक्या कोळंबीची) खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी आणि गरम भाकरी. पावसाळी जेवण म्हणून ते फ्रीजरमधल्या पापलेटपेक्षा कितीतरी सरस आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या रीतसर बाहेर पडतात, तरी समुद्र खवळलेला असेल तर दोन-तीन दिवस कोणीच जात नाही. वादळी हवामानाचा इशारा असेल त्या आठवड्यात ‘आजचाच आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

आता मासा बघणं. बऱ्या हॉटेलात ट्रे आणून दाखवतात. दाखवत नसतील तर ‘जरा बघू शकतो का?’ म्हणायचं. पुणेकराला प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, असा लौकिक आहेच, तो इथे वापरा. मासा शक्यतो अख्खा बघा, तुकड्यांवरून फार कळत नाही. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. कल्ला उचलला की आत लाल दिसायला हवं. विटकरी किंवा राखाडी दिसलं तर सोडा. बोटानं दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. पापलेटला कल्ल्यापाशी दाबून पाहायची बाजारातली जुनी रीत आहे: पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर शिळं. बोंबील गुलाबीसर, ओलसर चमकदार हवा, डोक्याकडे काळपट पडायला लागला की तो उतरला. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं असावं. ते लोंबत असेल किंवा काळं पडलं असेल तर कितीही लसूण घातली तरी उपयोग नाही. चिंबोरी (खेकडा) जिवंतच घ्यायची आणि हातात घेऊन वजन बघायचं, कारण आकारानं मोठी पण हलकी चिंबोरी आत पोकळ असते. अमावास्येला त्या भरलेल्या असतात असं किनाऱ्यावर सगळेच सांगतात. असेल, पण तिथीपेक्षा हाताला लागणाऱ्या वजनावर भरवसा ठेवा.

दोन अदलाबदली लक्षात असू द्या. रावस म्हणून बासा हा गोड्या पाण्यातला मासा खपवतात. पांढराफटक, कातडी नसलेला, काटा नसलेला, चवीला पाणचट तुकडा आला तर तो बहुधा बासा. फिश टिक्का आणि फिश फिंगर हे प्रकार जवळजवळ सगळे बासाचेच असतात, ते मागवायला कोकणात जायची गरज नाही. दुसरा रूपचंद, गोड्या पाण्यातला, आकारानं पापलेटसारखा. त्याचं अंग जाड असतं, खवले नीट दिसतात आणि पोटाकडे तांबूस झाक असते. पापलेट म्हणजे चंदेरी, चपटं, अंगावर खवल्यांची नुसती पुसट चकाकी. २०२३ साली त्याला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला, तेव्हापासून भाव उतरलाय असं काही दिसत नाही.

बिल फुगतं ते मेनूवरच्या ‘एपीएस’ या तीन अक्षरांमुळे, म्हणजे आकाराप्रमाणे भाव. तिथे तीन गोष्टी बोलून घ्या: भाव नगाचा की वजनाचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि त्यात करणावळ धरलीय का. वजन आपल्यासमोर करायला सांगण्यात काही गैर नाही. अख्ख्या माशातलं डोकं, पोट, पर वजा जाता पाऊण किंवा त्याहून कमी भाग हाती लागतो. शेवंडीत (लॉबस्टरमध्ये) निम्म्याहून कमी. तिसऱ्यांत तर वजन शिंपल्यांचंच, किलोभर तिसऱ्यांतून जेमतेम वाटीभर मांस निघतं. शेवंड फोटोत छान दिसते. पैशाच्या मानानं चव देत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पापलेटचा किलोचा भाव आकाराबरोबर चढत जातो, म्हणून एका मोठ्या नगापेक्षा अडीचशे-तीनशे ग्रॅमची दोन घेतली तर स्वस्त पडतात आणि तव्यावर नीट शिजतातही. निघण्याआधी पुण्याच्या मासळी बाजाराचे पेपरात येणारे भाव चाळून घ्या. खोल समुद्रातली, खाडीची, नदीची अशी मासळी वेगवेगळी दिलेली असते. हॉटेलचा भाव त्याच्या अडीच-तीनपट असेल तर तो धंद्याच्या हिशेबात बसतो, पाचपट असेल तर तुम्ही सूर्यास्ताचे पैसे देताय. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो, आणि कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या) छोट्या खानावळीला तो वेगळा लावता येत नाही. सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे.

थाळीबद्दल एक गैरसमज आहे. ‘सुरमई थाळी’ म्हटल्यावर सुरमईची आमटी मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात थाळीतली आमटी सगळ्या थाळ्यांना एकच असते, मोठ्या टोपातली. सुरमई म्हणजे वर ठेवलेली एक तळलेली तुकडी, आणि ती बऱ्याचदा शेपटाकडची. आमटीत शिजलेला मासा हवा असेल तर कालवण वेगळं मागवा. मधली तुकडी हवी असेल तर तसं सांगा. ती गोल, अर्धा इंच जाडीची असावी. याहून पातळ असेल तर ती तव्यावर वाळते, फार जाड असेल तर बाहेरून लाल होते आणि काट्यापाशी कच्ची राहते.

माशाप्रमाणे प्रकार निवडावा. बांगडा, तारली हे तेलकट मासे, त्यांना आंबट आणि तिरफळ (मसाल्याचं एक कोकणी फळ) लागतं. बांगड्याचं तिखलं मालवण भागात जसं होतं तसं दुसरीकडे क्वचित होतं: सुकी मिरची, ओलं खोबरं, कोकम, आणि वरून ठेचलेली पाच-सहा तिरफळं. तिरफळ वाटणात घालत नाहीत. बिया काढून, जरा ठेचून उकळीत सोडतात आणि ताटात आलं की बाजूला करतात. वाटलं तर कडवट होतं. अलिबागकडच्या आगरी-कोळी पद्धतीच्या रश्शात खोबरं कमी किंवा अजिबात नसतं. ठेचलेली लसूण, चिंच, घरचा मसाला, आणि रस्सा पातळ. तो पाहून ‘ग्रेव्ही पातळ आहे’ अशी तक्रार करू नका, तो तसाच असतो. पापलेट, मुडदुशी यांसारख्या नाजूक माशाला उग्र मसाल्यात बुडवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे.

बोंबलाचं जरा सविस्तर सांगतो, कारण ती डिश जमली की नाही यावरून स्वयंपाकघराची परीक्षा होते. बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी. डोकं आणि पर काढून, पोटाकडून चीर देऊन तो वहीसारखा उघडायचा, मीठ लावायचं आणि फळीखाली वजन ठेवून निदान अर्धा तास दाबायचा. पाणी निथळलं की हळद, तिखट, आलं-लसूण, थोडं कोकमाचं आगळ. मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा, आणि तापलेल्या तव्यावर मध्यम आचेवर. एका बाजूला चांगला रंग येईपर्यंत हलवायचा नाही, एकदाच उलटायचा. दाबायचा आळस केला तर तव्यावर पाणी सुटतं, बोंबील तळण्याऐवजी उकडतो, आकसतो आणि कवच सुटून तव्याला चिकटतं. ते झाकायला मग जाड बेसनात बुडवून कढईत सोडतात. ताटात बोंबील भज्यासारखा फुगलेला आला तर काय झालंय ते ओळखा. मागवतानाच ‘दाबून ठेवलेत का?’ असं विचारलं की आतला माणूस ओळखतो, गिऱ्हाईक जाणतं आहे.

बाकी तळणीत दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे मुरवणं. सकाळी मसाला लावून ठेवलेल्या तुकड्या रात्री तळल्या की आंबटानं मांस भुसभुशीत होतं, आणि मसाल्याखाली वासही झाकला जातो. १५ ते २० मिनिटं मुरलं तरी पुरतं. म्हणून ‘आत्ता लावून द्या, अर्धा तास थांबतो’ असं सांगा. दुसरं म्हणजे तेल. गर्दीच्या रात्री नऊनंतर कढईतलं तेल काळपट झालेलं असतं, त्यावर फेस धरतो आणि त्याचा वास माशाला लागतो. तव्यावरचा मासा मागवला आणि साडेसातच्या आत जेवायला बसलात तर ही भानगड टळते.

ताटात आल्यावरही मासा बोलतो. ताज्या माशाचं मांस पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतं आणि काटा स्वच्छ निघतो. शिळं झालेलं बोटांना लगद्यासारखं लागतं. फ्रीजरमध्ये फार दिवस राहिलेलं मांस कोरडं, दोऱ्यासारखं होतं, आणि कवचाखाली पाणी साठून रवा सोलल्यासारखा निघतो. कोळंबी अर्धगोल वळलेली असावी. तिची घट्ट वेटोळी झाली असतील तर ती जास्त शिजली आहे. तीन-चार मिनिटांवर तिला आच नको. न उघडलेली तिसरी फोडून खायच्या फंदात पडू नये.

एक सावधगिरी मात्र गंभीर. बांगडा, तारली, कुपा (ट्युना), सुरमई हे मासे पकडल्यावर वेळेवर बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधक द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखं चुणचुणलं, किंवा थोड्या वेळात चेहरा लाल होऊन अंगाला खाज सुटली, डोकं दुखायला लागलं, तर खाणं थांबवा आणि डॉक्टर गाठा. श्वास लागत असेल तर क्षणभरही थांबू नका. पुष्कळांना वाटतं आपल्याला माशाची अ‍ॅलर्जी झाली. बहुतेकदा दोष त्या एका खेपेच्या माशाचा असतो. कोळंबी-चिंबोरीची खरी अ‍ॅलर्जी ही निराळी गोष्ट, ती असेल तर तळणीचा तवाही वेगळा मागावा लागतो.

सोलकढी. ओल्या नारळाचं दूध, कोकमाचं आगळ किंवा भिजवलेली आमसुलं, लसूण, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर, एवढंच. एका नारळाच्या दुधाला आठ-दहा आमसुलं पुरतात. रंग मंद गुलाबी-जांभळट येतो. भडक गुलाबी दिसली तर त्यात बीट किंवा रंग आहे. तासन् तास बाहेर ठेवली की वर दूध आणि खाली पाणी अशी फाटते आणि उन्हाळ्यात लवकर आंबते. दुपारची सोलकढी रात्री घेऊ नका. आधी एकच ग्लास मागवून चव बघा, मग सहा सांगा. अर्धी भातावर घ्यायची, उरलेली शेवटी प्यायची.

बसायची जागा. दिवसभर आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे समुद्राच्या बाजूच्या टेबलाला स्वयंपाकघराचा धूर लागत नाही, पण जेवण पाच मिनिटांत गार होतं. तांदळाची भाकरी तर वाऱ्यावर पापडासारखी कडक होते. भाकऱ्या एकदम सहा न मागवता दोन-दोन आणायला सांगा. किनाऱ्यावरच्या टेबलांवर रात्री उजेड बेताचा असतो, म्हणून काट्यांचा मासा दुपारी खावा. कर्ली चवीला अप्रतिम, पण तिचे काटे मेणबत्तीच्या उजेडात शोधणं हा भलताच धोका आहे. मुलांना सुरमई, हलवा (काळं पापलेट) नाहीतर कोळंबी द्या. बोंबलाचा काटा मऊ असतो आणि कुरकुरीत मांदेली अख्खी खाता येते.

समुद्र टेबलाजवळ कधी असेल हे पंचांगावरून काढता येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी. दिवेआगर-मुरूडसारख्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा पाणी पार लांब गेलेलं असतं. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, मेमध्ये सातच्या. म्हणजे अष्टमी ते दशमीला संध्याकाळी लाटा टेबलापाशी येतात. पण रायगडात बोंबील येतात ते अमावास्या-पौर्णिमेला. दोन्ही एकाच दिवशी जमत नाही.

शाकाहारी वहिनींसाठी पनीर मागवू नका. सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूची उसळ, रायगडात वालाचं बिरडं. दिवेआगर, गुहागरकडच्या घरगुती खानावळीत उकडीचे मोदक मिळतात, पण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. उसळीत माशाचा रस्सा घातलेला नाही ना, हे स्पष्ट विचारा. चव यावी म्हणून पळीभर घालणारे महाभाग असतात.

तुमच्या सहा जणांचा हिशेब: मासे खाणारे तीन मोठे आणि दोन मुलं. कालवण-भात असताना मोठ्या माणसाला अडीचशे ग्रॅम अख्खा मासा पुरतो, मुलाला त्याच्या निम्मा. म्हणजे साधारण एक किलो. रायगडात असाल तर आठ बोंबील तळून, पाव किलो कोळंबी सुकी, आणि खाडीचा छोटा मासा कालवणात. मालवणात दोन बांगडे तिखल्यात, दोन मुडदुश्या किंवा जो उतरला असेल तो मासा तव्यावर, आणि किलोभर तिसऱ्या सुक्या, कारण त्यात मांस थोडंच निघतं. भात उकड्या तांदळाचा आहे का विचारा, कालवणाला तोच शोभतो. सहा थाळ्यांपेक्षा हे बिल कमी येतं आणि पाच थाळ्यांतल्या न संपलेल्या भाज्या टाकाव्या लागत नाहीत.

जाण्याचा दिवसही बदलून बघा. किनाऱ्यावर मंगळवार-बुधवारी गेलात तर गर्दी नसते, हॉटेल रोज लागेल तेवढंच आणतं. पुण्यात उलट. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मासे नसतात, त्यामुळे माल कमी खपतो. पुण्यात मासे खायचे ते बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी दुपारी, आणि तिथे बेधडक सुरमई, पापलेट, हलवा मागवा. हे मासे बर्फात तग धरतात. बोंबील आणि तिसऱ्या मात्र पुण्यात सांभाळून.

आणि येताना मासा आणणार असाल, जो मोह सगळ्यांना होतोच, तर थर्माकोलचा खोका गाडीत ठेवूनच निघा. मासा पोट साफ करून पण तुकडे न करता घ्या. जेवढा मासा तेवढाच बर्फ: खाली एक थर, वर पिशवीत बांधलेला मासा, पुन्हा बर्फ. खोक्याला तळाशी बारीक भोक पाडून खाली ताट ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा डुंबता कामा नये. तिसऱ्या बर्फात घालायच्या नाहीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायच्या आणि घरी आल्यावर तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे वाळू सोडतात. ताम्हिणी घाट चढून पुण्यात पोहोचायला चार-साडेचार तास धरले तरी बर्फ टिकतो, वाटेत माणगावला चहाला तासभर थांबणं मात्र टाळा.